मारुतीकाकांचा फोटो आत अडकला तेव्हा

बाबुराव मेश्राम फोटो काढताना सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावतात. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या ब्लॉकमध्ये चौदा एप्रिलला सकाळची वंदना झाली की मराठी कुटुंबं जिन्याच्या पायऱ्यांवर जमतात, आणि बाबुराव आपल्या जुन्या रशियन कॅमेऱ्याने प्रत्येक घराचा एक, एकच फोटो घेतात. शेवटचा, सगळ्यांचा मिळून, तो मात्र ते काढत नाहीत. ज्या घराची दिल्लीतून बदली झालीय, त्या घरातल्या कुणीतरी तो काढायचा. यंदा बदली आमची होती, म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला.

मी घोळ केला. त्या कॅमेऱ्यात आधी रोल पुढे सरकवणारी लिव्हर ओढायची, मग उजेडाप्रमाणे स्पीडची चकती फिरवायची. ऊन चढलं म्हणून मी आधी चकतीच फिरवली, आणि लिव्हर अर्ध्यात अडली तेव्हा वर जोर लावला. आत काहीतरी कटकन झालं. बाबुरावांनी कॅमेरा काढून घेतला, लेन्सवर झाकण घातलं आणि म्हणाले, "असू द्या ताई. रोल आत आहे. सवडीने बघू."

सवड मिळाली नाही. माझ्या लगेच आधी त्यांनी, पूर्वी आमच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मारुतीकाकांचा फोटो घेतला होता. मुलगी मयुरा त्यांना नोएडाहून व्हीलचेअरवर घेऊन आली होती. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं ते उभे राहिले नव्हते. बाबुरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा काका म्हणाले, "थांब," आणि लेकीच्या दंडाला धरून उभे राहिले. मोबाइल सगळ्यांचे खिशात. पुढच्याच आठवड्यात काका गेले. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि मयुराला तोच फोटो लावायचा होता. आजारपणानंतर काका उभे असलेला दुसरा नव्हताच.

शनिवारी सकाळी मी बाबुरावांकडे गेले. भंडाऱ्याकडचा हा माणूस चौतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत होता. आता मुलगी लुंबिनीच्या क्वार्टरमध्ये राहतात. कधीकाळी लेथमध्ये सापडल्यापासून त्यांचा डावा अंगठा बधिर आहे. डावा हात धरायला, उजवा बघायला, असं ते सांगतात.

पलंगावर काळ्या दुपदरी कापडाची पिशवी होती, शर्टासारख्या दोन बाह्यांची. कॅमेरा आणि रोल धुवायचा डबा आत ठेवायचा, बाह्यांतून हात घालायचे आणि अंधारात चाचपडत काम करायचं. एकदा कॅमेऱ्याची पाठ उघडली की रोल डब्यात बंद होईपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत. उजेड लागला की सगळं पुसलं.

"बाबा, करोल बागेत देऊ या ना कुणाला," लुंबिनी म्हणाली.

"तो उजेडात उघडेल आणि सॉरी म्हणेल. तू चहा ठेव."

"हात पिशवीत, मग चहा पाजणार कोण?"

"ताई आहेत की. घोळ त्यांचा, कप त्यांच्या हातात."

मी हसले नाही. त्यांनी पाठ काढल्याचा बारीक आवाज आला. कापडाखाली त्यांची बोटं सरकताना दिसत होती.

"फाटलंय," ते म्हणाले. "कडेची भोकं फाटलीत. दातेरी चाकात रोल रुतलाय."

"फोटोपर्यंत फाटलंय का?"

"ते बोटाला कळत नाही."

आणि वीज गेली. एसी बंद पडला. पाच मिनिटांत त्यांच्या मानेवरून घाम ओघळू लागला. घामट बोट रोलला लागलं तर ठसा उमटतो, तेवढं मलाही माहीत होतं. लुंबिनीने चहाचा ट्रे आणला आणि त्याने वारा घालू लागली. मी टॉवेलने त्यांचं कपाळ टिपत होते. मयुराचा फोन दोनदा वाजला. कुणी उचलला नाही.

"ओढा ना बाबा आता."

"ओढला तर फाटत जाईल. कापला तर कुठे कापतोय ते दिसत नाही. अर्धी लिव्हर फिरलीय, म्हणजे मारुती अर्धा कॅमेऱ्याच्या खिडकीत, अर्धा पुढे गेलेला." ते थोडं थांबले. "चाक उलटं फिरवतो. नखाने. एकेक दात."

किती दात झाले, मी मोजले नाहीत. एकदा ते दचकले आणि आम्ही तिघंही तसेच राहिलो. शेवटी झाकण आवळल्याचा आवाज आला आणि त्यांनी हात बाहेर काढले. बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती.

मोरीत बर्फ घालून थंड केलेल्या पाण्यात औषधं कालवून त्यांनी रोल धुवायला घेतला. मला वाटलं, आता बघतील. त्यांनी बघितलं नाही. "धुणं पुरं होऊ दे," म्हणाले आणि कॅमेरा घेऊन खिडकीशी बसले. कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढलं, निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रावर त्याच्या जागी ठेवला. चकतीखालची पिन वाकली होती. ती त्यांनी चिमट्यात धरून सरळ केली. "तुमचा जोर चांगलाय ताई," एवढंच बोलले.

मग उठून रोल दोन्ही कडांना धरला आणि खिडकीसमोर उंच केला. फाटलेली रेघ मी आधी पाहिली. कडेकडेने येऊन ती फोटोत शिरली होती आणि मयुराच्या ओढणीपाशी थांबली होती. तिच्या शेजारी काका, निगेटिव्हमध्ये पांढरे केस काळे झालेले. बाबुराव भिंग लावून बघतच राहिले.

"डोळे मिटलेत का?" लुंबिनीने विचारलं.

त्यांनी ओल्या हातानेच फोन उचलून मयुराला लावला.

"बाबुरावकाका बोलतोय," ते म्हणाले. "उभा आहे तो. माझ्याकडेच बघतोय."