न विचारता बसवलेला तुकडा

मुलांनो, तुमची मामी अंबडच्या घरी वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. स्क्रीनवरची इंग्रजी वाक्यं मी तपासून देते. माझं शिक्षण आता तेवढ्याच उपयोगाला येतं.

मध्ये तिने नवं काम दाखवलं. मोठा प्रोग्राम लहान लहान तुकड्यांवर चालतो; सुरू होताना तो एकेक तुकडा शोधतो. मिळालेल्या तुकड्यापुढे हिरवी खूण, न मिळालेल्यापुढे लाल. मी पाहिलं तर सगळं हिरवंच.

"सगळे सापडले?"

"एक नव्हता सापडला, आई. त्याच्यासारखा दुसरा आपोआप बसवला."

"वापरणाऱ्याला सांगितलंस?"

"त्याला कशाला ताप? काम चाललंय बराबर."

मला तुमच्या आईचं लग्न आठवलं.

आपल्याकडे मामा मुलीला मंडपात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. माझा एकुलता एक भाऊ तीर्थपुरीहून निघाला होता, पण एसटी वाटेत बंद पडली. आपली लग्नं तासभर उशिरा लागली तरी कुणाला काही वाटत नाही. नेमकी त्याच दिवशी मुहूर्ताची घाई झाली आणि वडीलधाऱ्यांनी माझ्या चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नसतं, म्हणून मी मागे तुळशीला पाणी घालत होते. मला कुणी विचारलंच नाही.

भाऊ पोचला तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती.

"लागलं का लगीन, अक्का?" तो घाम पुसत म्हणाला. "बरं झालं. मामा काय, कुणीबी उभा राह्यला की झालं."

तो जेवला, हसला, आहेर करून गेला. पुढे तुमच्या मामाच्या लग्नाला आदल्या दिवशीच आला. नवरदेवामागे उभं राहायला बोलावलं, तर त्या चुलतभावाकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाला, "त्यालाच उभं करा की. त्याला सवय हाय!" लोक हसले. तो मात्र जागचा हलला नाही. नंतर पाहुण्यांना पाणी देत फिरला. त्याची समजूत काढायला मी कितीदा तीर्थपुरीला गेले. दर वेळी चहा पाजून विषय बदलायचा. आता तो नाही.

हे सगळं मी मामीला सांगितलं. "मला ती थट्टाच वाटली होती," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने विचारलं, "मंग काय करू? लाल ठेवू?"

"लाल ठेव. आणि वापरणाऱ्याला विचार, थांबायचं की दुसरा बसवायचा."

त्या प्रश्नाचं इंग्रजी वाक्य मीच लिहून दिलं. कंपनीने ते ठेवलं. मामी सांगते, बहुतेक लोक वाचतात आणि दुसराच बसवतात. बसवू देत. कुणाची वाट पाहिली नाही, एवढं तरी त्यांना माहीत असतं.