हातांनी म्हटलेलं गीत

धाकटीला घरात सगळे आरंभशूर म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. गिटार आणली, बोटं दुखली, गिटार माळ्यावर गेली. क्रोशाचा रुमाल विणायला घेतला तो एका कोपऱ्यावरच अडला, आणि आईनं त्याचा उपयोग गरम भांड्याखाली ठेवायला केला. मग फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं. चुलतभावाच्या लग्नात ही बया नवरानवरी सोडून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढत बसली. आत्या तर तोंडावर म्हणायची, "हिला वेड लागायला वेळ लागत नाही, आणि उतरायला तर मुळीच लागत नाही."

गाणं तेवढं सुटलं नव्हतं. सुटणार कसं? पप्पा चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. पाळकसाहेब उपदेशात काही चुकीचं बोलले तर पप्पा मान खाली घालून ऐकून घेतील, पण तालात कुणी चुकलं तर भर उपासनेत पेटी थांबवतील, असा माणूस. त्यांचे वडील, म्हणजे धाकटीचे आजोबा, गीतं रचायचे. त्यातलं बाप्तिस्म्याचं एक गीत चर्चच्या मंडळीत अजून म्हटलं जायचं. लेकराला नाव मिळण्याआधीच देवानं त्याला हाक मारलेली असते, असा त्याचा भाव. ते सुरू झालं की पप्पांची छाती उगाच दोन बोटं फुगायची. धाकटीचा गळा त्यांनी या गीतावरच तयार केला होता. घरातलं हे गाणं आपल्यानंतर हिच्याकडे जाणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि धाकटी निघाली परदेशी, सांडपाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला. "म्हणजे गटाराचं?" आत्यानं विचारलं. "तसंच काहीसं," धाकटी म्हणाली, आणि त्यानंतर आत्यानं चार लोकांत हा विषय काढायचाच सोडला.

तिकडची तिची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि सायकली लावायच्या जागेवर उघडणारी एक खिडकी. स्वयंपाकघर चौघींत मिळून. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, तरी दूध नेमकं हिचंच संपायचं. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळेत रबरी हातमोजे घालून गढूळ पाण्याच्या बाटल्या, आणि रविवारी झोप. हो, झोप! जन्मभर रविवारी भल्या सकाळी इस्त्रीचे कपडे घालून पेटीशेजारी उभी राहिलेली मुलगी तिथे गेल्यावर पांघरूण डोक्यावरून घेऊन खुशाल पडून राहायची. आई फोनवर विचारायची, "चर्चला गेली होतीस ना गं? उपदेश कशावर होता?"

"प्रेमावर," धाकटी सांगायची. प्रेमावर म्हटलं की सहसा फसत नाही. पण हाच विषय सारखा यायला लागल्यावर आई म्हणाली, "तुमच्या पाळकांना दुसरं काही येत नाही का?" आणि धाकटीला मनातून लाज वाटली.

वेडं तिथेही चालूच होती. आधी पळायचं वेड. महागडे बूट घेतले, ते दारामागे बसले. मग पाव भाजायचं. स्वयंपाकघरभर पीठ झालं, आणि पाव असा निघाला की शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तो दाराला अडसर म्हणून लावला. त्यानंतर हातखर्चासाठी तिनं एका धुलाईघरात संध्याकाळचं काम धरलं, आणि तिथे गोष्टीला खरी सुरुवात झाली.

हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं, सगळं त्या धुलाईघरात यायचं. भली मोठी यंत्रं अशी घरघरायची की शेजारच्याचं बोलणं कळायला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. दोघींनी चादरीची टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, घडी घालायची, पुन्हा मागे जायचं. पहिल्याच संध्याकाळी धाकटीला इस्त्रीच्या तापलेल्या रुळांपाशी उभ्या असलेल्या बाईंना काहीतरी विचारायचं होतं. तिनं पाठीमागून हाक मारली. मग मोठ्यांदा मारली. मग तर घसा ताणून मारली, आणि धुलाईघरातल्या सगळ्या बायका पोट धरधरून हसायला लागल्या. एकीनं पुढे होऊन बाईंच्या खांद्यावर नुसती दोन बोटं टेकवली. बाई वळल्या. त्या जन्मापासून बहिऱ्या होत्या.

धाकटी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणू लागली. मावशींचा त्या गोंगाटात केवढा रुबाब! बाकीच्या बोंबलून बोंबलून दमायच्या, आणि मावशी हातानं दोन खुणा करून मोकळ्या. चादर ओली आहे, रूळ तापलाय, मुकादम येतोय, चहा झाला: एवढं तर आठवडाभरात धाकटीच्या हातात बसलं. मग तिला चटकच लागली. मावशी विनोद सांगायच्या, मुकादमाच्या चालीची नक्कल करायच्या, आणि हसून हसून हिच्या हातातली चादर जमिनीवर.

मावशींनीच तिला चर्चला ओढून नेलं. पुढच्या डाव्या बाकावर मावशी, त्यांची मुलगी आणि जावई बसायचे. तिघंही बहिरे. बाजूला एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहून उपासना हातांनी सांगायच्या. धाकटी पाहतच राहिली. शनिवारी ती त्या शिक्षिकाबाईंकडे शिकायला जाऊ लागली. आधी चर्चमधल्या नुसत्या सूचना हातांनी सांगायच्या, मग प्रार्थना, मग गाणी. या वेळी मात्र आत्याचं म्हणणं खोटं पडलं. हिवाळा गेला, परीक्षा झाली, तरी वेड उतरेना.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "हे आता कुठलं नवीन? बरं, शीक. पण गळ्याकडे दुर्लक्ष नको."

पुढे मावशींच्या मुलीला बाळ झालं. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. त्या चर्चच्या पाळकबाई धाकटीला म्हणाल्या, "तुझ्या भाषेतलं एखादं गीत म्हणशील का?" धाकटीनं पप्पांना हे फोनवर सांगायची खोटी, पप्पांनी घर डोक्यावर घेतलं. आजोबांचं गीत, परदेशी चर्चमध्ये! तिथली उपासना इंटरनेटवर दिसते हे कळल्यावर तर विचारूच नका. इकडे ती वेळ संध्याकाळची पडत होती. त्यांनी मंडळीच्या सभागृहात मोठा पडदा लावायचं ठरवलं, पाळकसाहेबांना सांगितलं, आणि एरवी ज्यांच्याशी बोलत नव्हते त्या चुलत्यांनाही आमंत्रण दिलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात शिक्षिकाबाई जिन्यावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हात प्लास्टरमध्ये. हातांनी बोलणाऱ्या बाईची वाचाच गेली म्हणा ना! बाप्तिस्म्यात आईबापांना प्रश्न विचारतात, त्यांनी उत्तरं द्यायची असतात. ते कोण सांगणार? सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती हो म्हणाली.

राहिलं गीत. गायचं आणि हातांनीही सांगायचं, हे तिनं खोलीत आरशासमोर करून पाहिलं. गळा पुढे पळायचा, हात मागे लंगडायचे. हातांकडे लक्ष दिलं की सूर घसरायचा. दोन्हींचा चुथडा. पाळकबाई समजुतीनं म्हणाल्या, "अगं, मग गीत नुसतं गा. एवढं एकच तर गाणं आहे. बाळाच्या घरच्यांना तेवढा वेळ बसू दे शांत."

धाकटीनं संध्याकाळी मावशींना विचारलं. मावशींनी हातातली चादर खाली ठेवली आणि खुणेनं सांगितलं, "गा की. आम्हाला सवय आहे."

कुठलाही राग नाही, टोमणा नाही, नेहमीसारखंच सांगितलं त्यांनी. पण धाकटीला ते असं लागलं की काही विचारू नका. आपल्याच लेकराच्या बाप्तिस्म्यात आईबापांनी इतरांचे हलणारे ओठ बघत बसायचं, आणि तेही हिच्या गीतापायी?

गायचंच नाही, नुसतं हातांनी म्हणायचं, असं ठरवून तिनं गीत मावशींपुढे ठेवलं. पहिल्याच ओळीला गाडं अडलं. हाक कशी सांगायची? धाकटीनं तोंडाशी हात नेऊन ओरडल्यासारखं केलं. मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. तोंडानं कोण हाक मारतं आम्हाला? मग त्यांनी आपला हात धाकटीच्या खांद्यावर ठेवला. अशी हाक मारतात. हे गीत ती कळत्या वयापासून म्हणत आली होती, आणि त्यात काय म्हटलंय हे तिला त्या यंत्रांच्या घरघरीत उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

हे सगळं छान झालं हो, पण पप्पांना कोण सांगणार? शनिवारी तिनं फोन केला. पप्पाच बोलत राहिले. पडदा किती मोठा आहे, पाळकसाहेब पहिल्या रांगेत बसणार, आत्यानं नवी साडी काढली. "आणि हे बघ," शेवटी त्यांचा आवाज जरा खाली आला, "मी काही कुठे गेलो नाही आयुष्यात. बाबांचं गीत तरी जातंय. तू आहेस म्हणून." "हो पप्पा," एवढंच धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवून स्वतःवर चरफडत बसली.

रविवार उजाडला. बाळ पांढऱ्या दुपट्यात गाढ झोपलेलं. पाळकबाईंनी प्रश्न विचारले, धाकटीनं ते हातांनी सांगितले, बाळाच्या आईनं आणि बापानं हातांनीच उत्तरं दिली. मग गीताची वेळ आली. धाकटी मुद्दाम गायकाच्या जागी, मधोमध, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पप्पांपासून तोंड लपवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. ऑर्गन वाजवणाऱ्यानं हात मांडीवर ठेवले. चर्च चिडीचूप.

तिनं मनात सूर धरला आणि हात उचलले. ओठ मिटलेले. पहिलं कडवं सरळ गेलं. हाकेच्या ओळीला तिनं समोरच्या हवेत अलगद हात ठेवला, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा, आणि बाळाच्या आईचे डोळे भरून आले. मावशी मान हलवत होत्या. दुसऱ्या कडव्याला धाकटीला पप्पांचा चेहरा आठवला, पण तिनं गीत शेवटपर्यंत नेलं.

उपासना संपल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून तिनं फोन पाहिला. कुटुंबाच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. "आवाज येत नाही." "अगं आवाज!" घरी बसून बघणाऱ्या चुलत्यांचं, "आमच्याकडेही नाही." आत्याचं, "ती काहीतरी हातवारे करतेय, बहुतेक तेच सांगतेय की आवाज गेलाय." त्यानंतर एकदम काही नाही. एक शब्दही नाही. रागानं पडदा बंद केला असणार, धाकटीला वाटलं. चारचौघांत आपल्या बापाला मान खाली घालायला लावली आपण. तिचे डोळे वाहायला लागले. तशीच तिनं फोन लावला.

"पप्पा, आवाज गेला नव्हता," ती एका दमात म्हणाली. "मी गायलेच नाही. इथे त्या बाळाच्या आईबापांना ऐकू येत नाही. काल तुम्हाला सांगायचं होतं, धीर झाला नाही. मला माफ करा."

पलीकडे खूप माणसांचा गलबला होता, कपबशांचा आवाज. पप्पांनी घसा खाकरला.

"पोरं वायरी उपटत बसली होती," ते म्हणाले. "मीही घाबरलो आधी. मग तुझ्या हातांकडे बघितलं. समेवर येत होते. म्हटलं, अरे, ही तर म्हणतेय! पोरांना म्हटलं, व्हा बाजूला, कशाला हात लावू नका. पेटी ओढली पुढे, तुझे हात बघत वाजवायला लागलो. मग काय, अख्खी मंडळी उभी राहिली आणि गायली. तुझी आत्यासुद्धा, बेसूर."

धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. पायरीवरून उतरणाऱ्या मावशींनी तिला पाहिलं, आणि काय झालं म्हणून खुणेनं विचारलं.

"ऐकतेस ना?" पप्पांचा आवाज आता पुन्हा मास्तरांचा झाला होता. "दुसऱ्या कडव्याला घाई केलीस. इथे सगळे धापा टाकत तुझ्यामागे पळत होते."