चादर सोडून सगळं

आमच्या गल्लीत लोक अजून हसतात. नेरेइदाने एका चादरीवरून हॉस्पिटलशी भांडण काढलं म्हणतात. जणू बाईचं डोकं फिरलं होतं. मी तेव्हा तिच्याबरोबर होतो. काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून लिहितो आहे.

नेरेइदा तामायो माझ्या शेजारच्या घरात राहते. सान इलारिओच्या हॉस्पिटलात, तळघरातल्या लाँड्रीत, तिची जवळजवळ तीस वर्षं गेली. चादरींना इस्त्री करायचा वाफेचा मोठा रूळ होता. एका बाजूने ओली चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने तापलेली ओढून घ्यायची. ती ओढून घेणारी. तिच्या दोन्ही मनगटांवर भाजल्याचे तपकिरी डाग आहेत. चादरीची घडी अशी घालायची की हॉस्पिटलचा निळा शिक्का वर दिसला पाहिजे. घरातले टॉवेलही ती तशीच घडी घालते. त्यांच्यावर शिक्का नाही, तरी.

पुढे साबण यायचा बंद झाला. मग बॉयलर फुटला. दुसऱ्याला सुटे भाग मिळावेत म्हणून एक मशीन खोललं आणि शेवटी दोन्ही बंद पडली. बायका निवृत्त झाल्या. नेरेइदाला एक प्रमाणपत्र आणि एक फुलदाणी मिळाली. हर्निया त्याआधीच मिळाला होता. ओल्या चादरींची गाठोडी उचलून उचलून तिच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. ती वाढत गेली. ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. तारीख मिळायला वर्ष गेलं.

तारीख मिळाल्यावर घरात लगीनघाई सुरू झाली. आमच्याकडे क्युबात हॉस्पिटलात जायचं म्हणजे घर हलवायचं. नेरेइदाची मुलगी यामिले हिने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. अंघोळीची बादली आणि डबा. पाणी गरम करायचा रॉड. चार्जिंगचा पंखा, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. बल्ब, कारण वॉर्डातले बल्ब केव्हाच गेलेत. मच्छरदाणी. सिरिंजा. हातमोजे. पोटात बसवायची जाळी आणि टाक्यांचा दोरा मायामीहून मावसभावाने पाठवला होता. सिस्टरसाठी कॉफीचा थर्मास. सर्जनसाठी डुकराची एक तंगडी, मीठ लावून, कापडात गुंडाळलेली.

टांगेवाला एउलोहिओ दारातून डोकावला.

"काय गं नेरेइदा, हॉस्पिटलात चाललीस की घर बदलतेस? डॉक्टरही घरूनच नेतेस का?"

"डॉक्टर तेवढा तिथे मिळतो," ती म्हणाली. "तोही उपाशी. म्हणून ती तंगडी."

यामिलेने वर दोन चादरी ठेवल्या, एक धड, एक ठिगळाची. नेरेइदाने त्या उचलल्या आणि परत कपाटात ठेवल्या. यामिलेने पुन्हा काढल्या. तिने पुन्हा ठेवल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"चादर नेणार नाही."

"बादली नेतेस, बल्ब नेतेस, आणि चादरीने काय घोडं मारलंय?"

"बादल्या मी बनवत नव्हते. बल्बही नाही. चादरी माझ्या हातातून गेल्या. तीस वर्षं. त्या हॉस्पिटलातला एक माणूस उघड्या गादीवर झोपला नाही माझ्या वेळी. आता मी माझी चादर काखेत मारून जाऊ?"

"अगं, पण आता नाहीत तिथे चादरी!"

"आहेत," नेरेइदा म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात. पाहुण्यांच्या."

हे खरं होतं. राजधानीहून कोणी बडा माणूस यायचा असला की दुपारपर्यंत वॉर्ड पांढराशुभ्र होतो. रोग्यांना सांगतात, सरळ झोपा, कुशीवर वळू नका, सुरकुत्या पडतात. पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली की सगळ्या चादरी काढून पुन्हा कपाटात. नेरेइदाला हे कोणी सांगावं लागत नव्हतं. त्या चादरींची इस्त्री तिचीच.

यामिले माझ्याकडे वळली. "तू सांग तिला. तू एवढी पुस्तकं वाचलीस."

पण मला नेरेइदाचं पटलं होतं.

वॉर्डातली सिस्टर तरुण होती. रात्रपाळी करून ती तशीच दिवसपाळीला उभी होती. कॉफी बघून ती हसली. बल्ब लावून बघितला. मग विचारलं, "चादर?"

"तुम्ही द्या."

सिस्टरला आधी थट्टा वाटली. "मावशी, मी माझे हातमोजे धुऊन वाळत घालते. चादर कुठून देऊ?"

"कपाटातून."

सिस्टरचं हसू गेलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ती किल्ली माझ्याकडे नसते."

गादीचं रेक्झिन फाटलं होतं. आतला फोम काळपट तपकिरी झाला होता. नेरेइदाने त्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्चीत बसली. दुपारभर तशीच बसून राहिली. पोटाखाली हात धरून. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने स्वतःची जास्तीची चादर पुढे केली.

"घे गं बाई. माझ्या सुनेने दोन दिल्यात."

"ठेव तुझ्याजवळ," नेरेइदा म्हणाली. "तुझ्या सुनेला त्या द्याव्या लागल्या, याचाच मला राग आलाय."

संध्याकाळी हॉस्पिटलचा व्यवस्थापक आला. कडक इस्त्रीचा शर्ट. गोड आवाज. असा आवाज मला नेहमीच भीतिदायक वाटतो.

"कॉम्रेड, काय अडचण आहे?"

"चादर नाही."

"सगळा क्युबा आपापली चादर घेऊन येतो. तुम्हीच तेवढ्या विशेष आहात का?"

"नाही. म्हणूनच म्हणते, सगळ्यांना द्या. दुसऱ्या मजल्यावर कपाट भरलंय."

वॉर्डातल्या खाटांवरचे लोक कोपरावर उठून ऐकू लागले.

"त्या राखीव आहेत."

"कोणासाठी?"

"विशेष परिस्थितीसाठी."

"अरे बाबा, ही बघ परिस्थिती!" नेरेइदाने झग्यावरूनच गाठीवर हात ठेवला. "तुमच्याच चादरी उचलून झालीय. अजून किती विशेष हवी?"

म्हातारी फसकन हसली. दोघंतिघं हसले. व्यवस्थापक हसला नाही. त्याने ऑपरेशन पुढे ढकललं. कागदावर कारण लिहिलं: रुग्णाची तयारी अपुरी.

मी ते शब्द दोनदा वाचले. अपुरी तयारी! जी बाई घरून बादली, बल्ब, पंखा, दोरा, जाळी आणि डुकराची तंगडी घेऊन आली, तिची तयारी अपुरी. आणि ज्या हॉस्पिटलात यातलं काहीच नव्हतं, त्याची तयारी पुरी. मी साहित्य शिकलो. वाक्यं कशी खोटं बोलतात, हे मला शिकवलं होतं. पण इतकं छोटं वाक्य इतकं मोठं खोटं बोलू शकतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

सगळं सामान टांग्यात घालून आम्ही परत आलो. गल्लीत हशा पिकला. समोरच्या घरात राहणाऱ्या काचितापासून सुरुवात.

"चादरीला काय सोनं लागलं होतं गं?"

"सोनं नाही," नेरेइदा म्हणाली. "साबण लागतो. तेवढाही देत नाहीत."

तरी लोक तिलाच हसले. व्यवस्थापकाला कोणी हसलं नाही. हे मला आजही समजत नाही. आपल्याला लुबाडणारा माणूस आपल्याला हवेसारखा वाटतो. दिसतच नाही. आणि जी बाई म्हणते की हे माझं आहे, ते द्या, ती मात्र वेडी.

लाँड्रीतली तिची जुनी मैत्रीण ओफेलिया अजून हॉस्पिटलात साफसफाई करते. एका रविवारी ती आली. कपाटाची किल्ली कुठे टांगतात ते तिला माहीत होतं.

"पिशवीत घालून एक आणते. कोणाला कळणार नाही."

"कळायला हवं," नेरेइदा म्हणाली. "कोणाला कळणारच नसेल, तर काय उपयोग?"

ओफेलियाने कपाळावर हात मारून घेतला.

मग पावाच्या रांगेत ते झालं. नेरेइदा एकदम वाकली. चेहरा पांढरा पडला. ओकारी झाली. आम्ही तिला उचलून गल्लीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरणीने बराच वेळ दाबून दाबून गाठ आत ढकलली. डॉक्टरणीच्याच कपाळावरून घाम गळत होता. हात पुसत ती म्हणाली, "या वेळी गेली आत. पुढच्या वेळी जाणार नाही. आतडं पिळलं, तर मी काही करू शकणार नाही, नेरेइदा. कोणीच नाही."

यामिलेने आईशी बोलणं टाकलं. घरात नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

दुसरी तारीख डॉक्टरणीने धडपड करून मिळवली. आदल्या दिवशी दुपारी वीज आली. वीज आली की गल्लीत एकच धावपळ होते. कोणी भात लावतो, कोणी पंप चालू करतो. नेरेइदाने इस्त्री तापवली. कपाटातून पिवळ्या फुलांची चादर काढली. तीच एक धड होती. टेबलावर पसरून तिने ती हळूहळू इस्त्री केली. मध्येच थांबून पोट धरायची. मग पुन्हा. चार कोपरे जुळवून घडी घातली आणि बादलीत, सगळ्यात वर ठेवली.

यामिले चुलीकडे तोंड करून रडत होती. मी दारात उभा होतो. नेरेइदाने ती घडी मोडावी, असं मला वाटत होतं. तिने पुन्हा नाही म्हणावं.

"काय बघतोस?" नेरेइदा म्हणाली. "तुझं पोट दुखत नाहीये."

मी मान खाली घातली. तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या आतड्यावर बाणेदार होणं सोपं असतं. पण तिला वाकवलं होतं, हेही तितकंच खरं. आणि ज्यांनी वाकवलं, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सिस्टर तीच होती. "चादर?" तिने विचारलं. नेरेइदाने पुढे केली. सिस्टरने न बघता घेतली, झटकून पसरली. इतकंच. ऑपरेशन नीट झालं. सर्जनने हात चांगला चालवला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जाळी मायामीची, दोरा मायामीचा, उजेड तिच्या बल्बचा, पण हात त्याचा होता.

घरी सोडायच्या दिवशी यामिलेने बल्ब काढला, पंखा बांधला, बादली भरली. चादर ओढायला गेली. चादरीवर आयोडीनचे आणि थोडे रक्ताचे डाग होते.

"हात लावू नकोस," नेरेइदा म्हणाली.

तिने स्वतः काढली. डाग आत घेऊन गुंडाळली. मग माझ्या दंडाला धरून जिना उतरू लागली. फाटकाकडे नाही. तळघराकडे. प्रत्येक पायरीवर थांबत होती. लाँड्रीच्या खिडकीत एक पोरगा मोबाइलवर गाणी ऐकत बसला होता. आत मशिनं गंजून उभी होती. ओल्या चुन्याचा वास येत होता.

"सर्जरी वॉर्ड. एक चादर, डागाळलेली," नेरेइदा म्हणाली.

पोराने कानातलं काढलं. "ही तुमची आहे ना? फुलाफुलांची? घरी न्या, मावशी. इथे पाणी नाही."

"पाणी येईल तेव्हा धू. वाळव. वर पाठव. त्या खाटेवर उद्या कोणी येईल."

"वर जाणारच नाही ती. वाटेतच कोणीतरी नेईल."

"मग ते पाप त्याच्या पदरी. माझं काम इथवर."

पोराने माझ्याकडे पाहिलं. ही बरी आहे ना, असं त्याला विचारायचं होतं.

"घे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "सांगतेय ना ती. घे!"

त्याने घेतली आणि खुर्चीवर टाकली.

"खुर्चीवर नाही," नेरेइदा म्हणाली. "गाडीत."

कोपऱ्यात मळक्या कपड्यांची चाकाची गाडी होती. रिकामी. पोरगा उठला, चादर गाडीत टाकली. ती पडेपर्यंत नेरेइदा खिडकीशी उभी राहिली. मग वळली.

यामिले टांग्यात वाट पाहत होती. आईच्या हातात काही नाही, हे तिने पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"दिलीस? आपली एकच धड चादर होती, आई. ताजे टाके असताना तुला आज कशावर निजवू मी?"

नेरेइदा हळूच, एका कुशीने, टांग्यात बसली. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याकडे, त्या कपाटाच्या बाजूला, बोट केलं.

"जा," ती म्हणाली. "त्यांना विचारून ये."

यामिलेने आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बादली माझ्या मांडीवर ठेवली, टांग्यातून उतरली आणि पायऱ्या चढू लागली.