आमची गादी कुणाची होती

लग्नानंतर आठव्या महिन्यात माझी कंबर धरली. सकाळी कुशीवर वळून, पलंगाची कड पकडून, एकेक पाय खाली सोडल्याशिवाय उभं राहता येईना. वय बत्तीस. अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात मी कामाला होते, दिवसभर खुर्चीत. त्यामुळे आधी खुर्चीलाच शिव्या घातल्या. पण आठवडाभर माहेरी राहिले, जमिनीवर सतरंजी टाकून झोपले, आणि दुखणं गेलं. बदलापूरला कात्रपच्या घरी परतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली आणि विचारलं, "गादी किती वर्षांची आहे?"

मला माहीत नव्हतं. त्या घरातल्या कुठल्याच वस्तूचं वय मला माहीत नव्हतं. माझं हे पहिलं लग्न, नवऱ्याचं दुसरं. बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आम्हाला काही नको. फक्त मुलगी द्या. घरात सगळं आहे." माझे वडील त्या वाक्यावर इतके भाळले की नातेवाइकांना फोन करकरून सांगत होते, आजच्या काळात अशी माणसं मिळतात का! पहिल्या बायकोबद्दल आम्हाला एवढंच सांगितलं होतं की ती नांदली नाही, दीड वर्षात गेली आणि जाताना घर धुऊन नेलं, चमचासुद्धा ठेवला नाही.

मी घरी येऊन म्हटलं, "आई, गादी बदलायला हवी. मध्ये खड्डा पडलाय."

"चांगली काथ्याची गादी आहे, महागातली," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आधी नाही कुणाची कंबर दुखली."

नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

त्या शनिवारी मी गादीची खोळ काढली. आत प्लास्टिकच्या पाकिटात वॉरंटीचं कार्ड होतं, शाई पुसट झालेलं. वर उल्हासनगरच्या दुकानाचा शिक्का. मी ते घेऊन दुकानात गेले. मालक म्हातारे सिंधी गृहस्थ, मराठी-हिंदीची भेळ बोलणारे.

"ताई, गादीच्या मध्ये हाताने दाबायचं. दाबलेलं वर येतं का?"

"नाही."

"सुबह कमर दुखते, दुपारला बरी होते?"

"हो."

"मग बीमारी तुम्हाला नाय, गादीला आहे. वो मर गयी." मग त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. "पण ही वॉरंटी तर दुसऱ्या पार्टीच्या नावावर आहे. ये आप के कौन?" आणि त्यांनी नाव मोठ्याने वाचलं.

ते नाव मी रोज वाचत होते. आमच्या घरात स्टीलच्या सहा ताटल्या होत्या, मागे तेच नाव कोरलेलं. एकदा विचारलं होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुणाच्या तरी लग्नातला आहेर असेल." मोठ्या पातेल्यांवरही काठाखाली एक खरवडलेला पट्टा होता. पॉलिश पेपरने काहीतरी घासून काढलेलं. मी ते बिनडोकासारखी आठ महिने घासत होते.

कार्डावर तारीख नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या वर्षातली होती आणि पत्ता अंबरनाथचा होता, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर गेले. दार नवऱ्याच्या पहिल्या बायकोनेच उघडलं. माझ्यापेक्षा वर्षभराने लहान असेल. मी कोण ते सांगितलं तेव्हा ती दार लावेल असं वाटलं होतं. तिने पाणी आणलं.

"तुम्हालाही सोडलं का?" तिने विचारलं.

"नाही. मी गादीबद्दल विचारायला आले."

मी सगळं सांगितलं, ती ऐकत राहिली. पलंग, गादी, आरशाचं कपाट, मिक्सर, भांडी, सगळं तिच्या वडिलांनी दिलं होतं. ती घराबाहेर पडली ती अंगावरच्या साडीनिशी. सामान मागायला तिचे वडील दोनदा कात्रपला गेले, दोन्ही वेळा सासूबाईंनी त्यांना जिन्यातच उभं केलं. कोर्टात मात्र घटस्फोटाच्या कागदावर लिहिलं, सामान तिला परत मिळालं.

"मग तुम्ही सही का केली?"

"मला सुटायचं होतं हो. पपा नंतर सहा महिन्यांत गेले. त्यांचं नाव असलेलं एक भांडं आमच्याकडे नाही."

मी तिथून निघाले तेव्हा मला रडू आलं नाही. माझ्या वडिलांचे ते फोन आठवले, त्यांचा तो भारावलेला आवाज. घरी जाऊन मी भाजी फोडणीला टाकली. सासूबाईंना वाढलं. त्यांनी आमटीची तारीफ केली.

पुढचे तीन आठवडे मी एक शब्द काढला नाही. धाकट्या दिराचं लग्न ठरत होतं. वांगणीहून मुलीकडची माणसं तिसऱ्या रविवारी पक्कं करायला येणार होती. मी अंबरनाथला तिला फोन करून सामान न्यायला तोच रविवार सांगितला. दिवस योगायोगाने जुळला असं नंतर मी कुणाकुणाला सांगितलं, ते खोटं आहे. मी निवडला होता.

रविवारी मुलीचे आईवडील आणि मामा आले. मी पोहे केले आणि त्या सहा ताटल्यांतच दिले. बोलणी सुरू झाली. मुलीचे वडील अवघडून म्हणाले, "तुमची काही अपेक्षा?"

सासूबाई हसल्या. "आम्हाला काही नको. घरात सगळं आहे."

शब्द तेच. स्वरही तोच.

मी म्हटलं, "काका, पोहे झाले की ताटली उलटी करून मागचं नाव वाचा."

"अगं, काय हे?" सासूबाई म्हणाल्या.

"वाचू द्या ना. आमच्यापैकी कुणाचं नाही ते. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या सासऱ्यांचं आहे. काका, तुम्ही बसलाय तो पलंगही त्यांचाच."

मुलीच्या वडिलांनी खरंच ताटली उलटी केली. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

ती स्वतः वर आली, सोबत भाऊ आणि दोन हमाल. तिच्या हातात यादी होती. नवरा उठून माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आत चल, आपण बोलू."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हळू बोल," तो म्हणाला.

"मग बोलायचं काय राहिलं?"

सासूबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "पोलिसांना बोलवेन!"

"बोलवा," ती शांतपणे म्हणाली. "कोर्टात लिहून दिलंय तुम्ही की हे सामान माझ्याकडे आहे. मग हे इथे कुठलं, ते तुम्हीच त्यांना सांगा."

सासूबाई बाजूला झाल्या. कपाटातले कपडे मी जमिनीवर काढून ठेवले, त्यांच्या साड्यासुद्धा. पातेली मी स्वतः पोत्यात भरली. पाहुण्यांना उठवून पलंगाचे स्क्रू काढले. शेजारपाजारचे जिन्यात जमले होते. ज्या जिन्यात तिच्या वडिलांना उभं केलं होतं तिथूनच सगळं उतरलं, आणि सासूबाईंना दारात उभं राहून ते बघावं लागलं. मला त्या क्षणी किती बरं वाटलं ते आजही लपवावंसं वाटत नाही.

गादी तिने नेली नाही. "ती नको," म्हणाली. मी हमालांना पैसे देऊन ती कचराकुंडीपाशी टाकायला लावली.

वांगणीची माणसं चहा न घेताच गेली. लग्न मोडलं. धाकटा दीर यात कुठेच नव्हता. पहिल्या लग्नाचं सामान आलं आणि ती गेली तेव्हा तो बाहेरगावी शिकत होता. "वहिनी, माझं काय चुकलं?" एवढंच तो म्हणाला आणि मग चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण तो रविवार परत मिळाला तर मी तेच करेन.

सासूबाई माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या. वडिलांना कळलं तेव्हा ते माझ्यावरच चिडले, चारचौघांत घराची अब्रू घालवलीस म्हणून. मग म्हणाले, "मी किती लोकांना सांगितलं होतं गं."

मी घर सोडलं नाही. मीच का सोडायचं? पुढच्या पगारात उल्हासनगरच्या त्याच दुकानातून नवी गादी आणली. मालकांनी विचारलं, "डबल ना?"

"सिंगल," मी म्हटलं.

नवरा हॉलमध्ये चटईवर झोपायला लागला. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी त्याला कंबर धरून, भिंतीच्या आधाराने उठताना मी पाहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी डबा भरला, चपला घातल्या आणि ऑफिसला निघाले.