फाट्यावरचं चार्जिंग स्टेशन बाजारात आलं!

मंडळी, ग्रामसभेतून आत्ताच घरी आलो, अन् एकटाच हसून राह्यलोय.

आमच्या कुंभार पिंपळगावात बॅटरीच्या गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होणार आहे. जागा जवळजवळ ठरली होती, गावाबाहेर फाट्यावर. का? तर पेट्रोल पंप गावाबाहेरच असतो! सगळ्यांनी माना डोलावल्या. मीबी डोलावली, अन् माझ्याकडं तर स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर आहे.

तेवढ्यात शोभाताई उठल्या. त्या बॅटरीची रिक्षा चालवतात, भाजीवाल्या बायांना मालासकट बाजारात आणतात. म्हणल्या, "सरपंच, पेट्रोल दोन मिनिटात भरतं. माझ्या रिक्षाला तीन-चार तास लागतात. तवर मी फाट्यावर बाभळी मोजत बसू का? बाजारतळावर लावा. तेवढ्यात माणूस बाजार करंल, चहा पिईल, दाढी करून घेईल."

झालं! मघापासून "बाजारात नको, गर्दी होईल" म्हणणारे एकदम उठले. चहावाला म्हणे माझ्या शेजारी, न्हावी म्हणे माझ्या दुकानासमोर. सरपंच हात जोडून म्हणले, "अरे बाबांनो, स्टेशन एकच हाये!"

ठराव बाजारतळाचाच झाला. टाळ्या वाजवून वाजवून हात लाल झाले.

बाहेर पडताना मी विचारलं, "ताई, हे आम्हाला कसं सुचलं न्हाई?"

ताई हसल्या. "सर, तुमची स्कूटर घरी चार्ज होती. तुम्ही कधी वाट बघत बसलात?"

तुमच्या गावात जागा ठरवताना वाट बघणाऱ्याला कुणी विचारलं का हो?