दयानंदच्या पोटातली चरबी

दयानंद इथे आखातात, माबेल्यात, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा नागपूरचा, बौशरमधल्या एका ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंगं काढतो. रोज गाडीत बसून जायचं, खुर्चीत बसून काम करायचं, गाडीत बसून परत यायचं. वजन एकशे चार. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे कुठलाही रिपोर्ट आला की हा जिना चढून माझ्याकडे.

त्याची धाकटी बहीण गिरिजा सलालाहला शिक्षिका. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात रक्तगट वगैरे सगळं जुळलं ते एकट्या दयानंदशी. त्याने एक मूत्रपिंड द्यायचं ठरलं आणि त्याच्याच तपासणीत अडलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला, पण लघवीतून प्रथिन जातंय. आकडा ऐंशी, हवा तिसाच्या आत. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टर तूबांनी आकडा उतरवायला तीन महिने दिले.

"काकू, दुखत नाही, खुपत नाही. मग हे कुठून आलं?"

"पोटातून," मी म्हटलं. "चरबी म्हणजे नुसती साठवण नाही रे. ती रक्तात रसायनं सोडते, इतर पेशींना निरोप धाडते. जास्त झाली की निरोप बिघडतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, त्या ताठरतात. मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पेशींची पकड सुटते, प्रथिन निसटतं."

माझा कुकर शिट्ट्या मारत होता. मी एवढ्यावर आटोपलं.

दहा दिवसांनी स्वारी हजर. माझा मुलगा गुरुवारी त्याला न्यायला गाडी घेऊन येईल का, असं विचारत.

"कुठे?"

"क्लिनिकात. पोटाची चरबी नळीने ओढून काढणार. निरोप धाडणारीच नको! खलास."

"अरे शहाण्या! चिमटीत येते ती चरबी काढतील ते. तुला छळणारी आत आहे, आतड्यांना बिलगून. तिथे ती नळी जात नाही."

"मग तुम्ही आतली-बाहेरची असं तेव्हा का नाही सांगितलं?"

नव्हतंच सांगितलं. इतकी वर्षं पोरांना अर्धवट उत्तराबद्दल झापलं, आणि स्वतः अर्धा धडा देऊन माणसाला सुरीखाली पाठवत होते. समोर बसून त्याला क्लिनिकला फोन करून गुरुवारचं रद्द करायला लावलं.

मग चालणं. इथल्या उन्हात बाहेर शक्य नाही, तेव्हा मॉलमध्ये, दुकानं उघडायच्या आधी. भात बंद, मीठ कमी, प्रेशरची गोळी. गिरिजा फोनवर टोमणे मारायची, "दादा, माझा अवयव नीट सांभाळ हं."

तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. काल रिपोर्ट आला. एकेचाळीस.

"सुधारणा आहे, पण आज नाही घेता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "उरलेल्या एकावर सगळा भार पडेल. मला दोन रुग्ण नकोत. आणखी तीन महिने."

तीन महिने गिरिजा काढेल का, हे कोणी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात तिला डायलिसिस चालू असतानाच चक्कर आली होती.

गिरिजाला फोन त्यानेच लावला, माझ्या स्वयंपाकघरातून, स्पीकरवर. आकडा सांगितला. तो ओट्याची कड घट्ट धरून उभा.

"सकाळी काय खाल्लंस?" तिने विचारलं.

"भाकरी."

"किती?"

"दीड."

"उद्यापासून एक," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.