अर्धी दाढी

दाढी करून घेताना माणसाला गप्प बसावं लागतं. ओठांवर साबण असतो, मान मागे टेकलेली असते आणि गळ्याशी वस्तरा असतो. भलेभले बोलघेवडे त्या खुर्चीत बसले की मुके होतात. गचक्याच्या दुकानात हे रोज घडत होतं. पण त्याचा काही उपयोग करता येईल, हे त्याला चाळिशी उलटेपर्यंत सुचलं नाही.

गचक्या हे काही त्याचं नाव नव्हे. लहानपणी बोलताना शब्द अडकायचा आणि मान झटका खायची, म्हणून कुणीतरी तशी हाक मारली. ती चिकटली. आता दुकानावर पाटी आहे, पाटीवर चांगलं नाव आहे, पण पत्ता विचारणाऱ्याला अख्खा बाजार सांगतो, "गचक्याकडे जा." गिऱ्हाईक तोंडावरही तीच हाक मारतं आणि वर विचारतं, "राग नाही ना रे येत?" येतो. रोज येतो. पण तसं सांगायला तोंड उघडावं, तर विचारणाराच उत्तर देतो, "नाही येत, मला माहितीये. तू आपला साधा माणूस."

लोकांच्या तऱ्हा तरी किती! शब्द अडकला की कुणी छताकडे बघतो, जसा काही पाल शोधतोय. कुणी खांद्यावर हात ठेवून "सावकाश, सावकाश" म्हणतो, बिथरलेल्या बैलाला चुचकारावं तसा. कुणी औषध सांगतो: तोंडात खडे धर, पहाटे ओरडून वाच, अमका पाला चघळ. एकाने तर विचारलं, "स्वप्नात पण अडखळतोस का रे?" आणि या सगळ्यांहून वाईट ते, जे उरलेला शब्द आपल्या पदरचा काढून त्याच्या तोंडात कोंबतात. शब्द चुकीचा असला तरी हा मान हलवतो. नाही म्हणायचं तर पुन्हा तो डोंगर पहिल्यापासून चढायचा.

या शब्द कोंबणाऱ्यांत पहिला त्याचा दादा.

दादा रस्त्याच्या कामावर मुकादम. तोंडावरच त्याचं पोट. धाकट्यावर त्याचा जीव होता, यात खोट नाही, आणि सगळी अडचण तीच होती. वैऱ्याच्या तोंडावर दार लावता येतं, भावाच्या कसं लावणार? लहानपणी शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत भरायचे. तिथे हजेरीला धाकट्याचं "हजर" दादाच म्हणायचा. पुढच्या शाळेत जायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय रे, शिकायचं ना पुढे?"

"म-म-मला—"

"त्याला म्हणायचंय, नको," दादा म्हणाला. "तिकडची पोरं चिडवतील, गुरुजी. धंदा शिकतो म्हणतोय."

मास्तरांनी मान डोलावली. पोराच्या हातातली पाटी गेली आणि कात्री आली. पुढे मुलगी झाली, तेव्हा तिचं नावही दादानेच सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. बापाने मनात दुसरं धरलं होतं, त्याच्या जिभेवरून अलगद उतरणारं. दादाने ठेवलेल्या नावाचं पहिलंच अक्षर खडकासारखं. म्हणून बाप तिला जन्मापासून "चिमणे" म्हणतो. लोकांना ते लाड वाटतात.

चिमणीही अडखळते. आता ती मोठ्या शाळेत जाणार होती. सोमवारी सकाळी तिला तिथल्या मुख्याध्यापिकेसमोर उभं राहायचं होतं.

आदल्या दिवशी दादा दाढीला आला. बाकावर गिरणीवाला आपली पाळी यायची वाट बघत वर्तमानपत्र चाळत होता. अंगावर पिठाची पांढरी भुकटी, तोंडाला स्वस्थता नाही. इतक्यात मुलगी बापाचा डबा घेऊन आली.

"काय गं, कितवीत जाणार आता?" गिरणीवाल्याने विचारलं.

तिने श्वास घेतला. "प-पा—"

"पाचवीत," दादा खुर्चीतून म्हणाला. "लाजते हो फार."

मुलीने उरलेला शब्द गिळला. तिचा गळा एकदा वरखाली झाला, डबा तिने टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. बापाने हे आरशात पाहिलं. तो घोट त्याच्या ओळखीचा होता. असले घोट पिऊन पिऊन त्याच्या पोटात एक दगड तयार झाला होता. त्या क्षणी तो दगड तापला.

"उद्याची काळजी सोड," दादा म्हणाला. "मी नेतो तिला. बाईंना सांगतो, मागच्या बाकावर बसवा, काही विचारू नका, तोंडी परीक्षेचं जरा सांभाळून घ्या. पोरीला त्रास नको."

"द-दादा, उ-उद्या—"

"उद्या लवकर येतो रे बाबा. तेच म्हणायचंय ना?"

"भाऊ असावा तर असा," गिरणीवाला म्हणाला.

गचक्याने ब्रश ओला केला. एरवीपेक्षा जास्त फेस काढला आणि गालांवर, हनुवटीवर, थेट ओठांवर चढवला. वस्तरा घेतला. डावा गाल साफ केला. मग गळ्याशी हात थांबला.

"ह-हलू नकोस."

दादाने डोळे उघडले.

गचक्या बोलू लागला. इथे कागदावर ते सलग दिसेल, दुकानात ते सलग नव्हतं. खोल विहिरीतून भरली घागर ओढावी तसा एकेक शब्द वर येत होता आणि मध्येच दोर अडकत होता. मानेला झटका यायच्या आधी तो वस्तरा बोटभर मागे घ्यायचा. शब्द सुटला की पुन्हा जागेवर ठेवायचा.

"उद्या शाळेत मी जाणार. तू नाही."

दादाच्या ओठांवरचा फेस हलला. पातं कातडीला टेकलं. फेस थांबला.

"त्याला म्हणायचंय की—" बाकावरून गिरणीवाल्याने सुरुवात केली. गचक्याने हात हलवला नाही, नुसती नजर वळवली. गिरणीवाल्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"मागच्या बाकावर ती बसणार नाही. तिला विचारलेलं तीच सांगेल. दिवस लागला तर दिवस लागू दे. आणि ती लाजत नाही. मीही लाजत नव्हतो. मास्तरांना मला सांगायचं होतं, मला शिकायचंय."

या शेवटच्या शब्दावर तो सगळ्यात जास्त अडकला. पहिलं अक्षर दातांमागे फुरफुरत राहिलं. कपाळाची शीर तटतटली. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज येऊन विरलासुद्धा. तो शब्द दादाला माहीत होता. गिरणीवाल्यालाही कळला होता. पण द्यायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं. शेवटी तो आला, त्याचा त्यानेच आणला.

"नको तू म्हणालास. मी नाही."

त्याने वस्तरा खाली ठेवला. दादा उठून बसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस सुकत चाललेला. चेहरा उतरलेला.

"एवढं होतं मनात, तर आजवर बोलला का नाहीस?"

गचक्या हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

"ब-बोलत होतो. तू प-पुरं करत होतास."

दादाने खांद्यावरचा टॉवेल गालाला लावला आणि तसाच बाहेर पडला. समोरच्या चहावाल्याने हाक मारली, "अहो मुकादम, अर्धीच? काय म्हणाला काय गचक्या?"

दादाचं तोंड सवयीने उघडलं. "त्याला म्हणायचंय—" मग मिटलं. "त्यालाच विचार," असं म्हणून तो खाली मान घालून चालू लागला.

गचक्याचा भावावरचा राग उतरला असेल, असं कुणाला वाटेल. नाही उतरला. इतक्या वर्षांचा राग एका दाढीत उतरत नाही, अर्ध्या दाढीत तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याने धुतलेल्या शर्टाबरोबर अंगात घातला आणि मुलीचा हात धरून मोठ्या शाळेत नेला.

ऑफिसात मुख्याध्यापिका बाई होत्या आणि टेबलाच्या कडेला एक कारकून.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

मुलीने सुरुवात केली. पहिलं अक्षर अडलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कारकून कनवाळू होता. तो समोरचा अर्ज बघत म्हणाला, "घाबरू नको हं बाळ, मी सांगतो, हिचं नाव—"

गचक्याचा तळहात टेबलावर आपटला. पेनं उडाली.

"थ-थांबा."

कारकून मागे सरकला. मुलीने पुन्हा श्वास घेतला, ते खडकाचं अक्षर पुन्हा पुन्हा ढकललं, आणि तिचं नाव तिच्या तोंडून अख्खं बाहेर आलं.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "आणि वडिलांचं?"

मुलीला ते ठाऊक होतं. तिने बाईंकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. मग ती बापाकडे तोंड करून उभी राहिली आणि त्याच्या उत्तराची वाट बघू लागली.

बापाने श्वास घेतला.